फुर्नीचे तीन दिवस

फ्रोसोमावशीने फुर्नी बेटावरच्या खोलीवालीला फोन लावला, तेव्हा मी तिच्या स्वयंपाकघरातला गळका नळ उघडून बसलो होतो.

"गुरुवारी येतो, रविवारी निघतो," ती सांगत होती. "दोघं. हो, नवरा-बायको. नाश्ता मात्र एकाचाच कर बाई, ते काही खात नाहीत."

फोन ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं. "तोंड काय वासतोस, स्ट्राटिस? खोटं बोलले का मी?"

खोटं नव्हतंच. तिच्या नवऱ्याला, सिदेरिसकाकांना, जाऊन त्या मे महिन्यात तीन वर्षं होत होती. पिरेयस बंदरातल्या आमच्या दफनभूमीत जागा तीनच वर्षांसाठी मिळते. नंतर अस्थी काढायच्या, लाल वाइनने धुवायच्या आणि पेटीत ठेवायच्या. बहुतेक लोक पेटी तिथल्याच अस्थिघरात ठेवतात. मावशी ती फुर्नीला नेणार होती. काका त्याच बेटावरचे. त्यांची आई तिथेच पुरलेली.

मावशीने चाळीस वर्षं बोटींच्या केबिनचे पडदे शिवले. तिचे पडदे सगळी बेटं फिरून आले. ती स्वतः समोरच्या सालामिना बेटाच्या पुढे कधी गेली नाही. काका गोदीत जहाजं रंगवायचे. दर वर्षी ईस्टर उरकला की ते कागद-पेन्सिल घेऊन टेबलाशी बसत आणि सुट्टी आखत. गुरुवारी बोट. शुक्रवारी पोहणं, मग अंजिराखाली झोप. शनिवारी टेकडीवरच्या देवळापर्यंत चढायचं, उतरल्यावर ऑक्टोपस. रविवारी परत. आणि दर वर्षी आठवड्याभरात म्हणत, "यंदा नाही जमत, फ्रोसो. काम निघालं." कधी खरंच जादा पाळी असे, कधी बोटींचा संप, कधी गुडघा. आमच्या इमारतीत कुणी काही टाळलं की शेजारी म्हणत, "झाली याची फुर्नी!"

त्यांचा शेवटचा कागद कॅलेंडरच्या मागे खिळ्याला लटकत होता. मावशी त्याच्यावरून एक ओळ इकडची तिकडे करायला तयार नव्हती.

"ऑक्टोपस शुक्रवारी खाल्ला तर नाही का चालणार?" मी तिकिटं काढताना विचारलं.

"शनिवार लिहिलंय ना? मग शनिवारी."

पेटीसाठी ती पडद्याच्या उरलेल्या निळ्या कापडाची पिशवी शिवत होती. पेटी अजून आणायची होती, म्हणून मी दुकानातून मापं आणून देतो म्हणालो. तिने मान हलवली. "मांडीचं हाड सगळ्यात लांब, हो ना? त्यांच्या पँटचं माप मला पाठ आहे."

मग मशीनच्या पायडलवरचा पाय न उचलताच ती बोलली.

"हॉस्पिटलात त्यांनी पुन्हा कागद मागितला होता. नळ्या लावलेल्या, आणि हे बोटीची वेळ विचारतायत. मी तीन रात्री जागी होते रे. म्हटलं, आग लागो तुझ्या फुर्नीला! तू आता इथून हलायचा नाहीस. दोनच दिवसांनी गेले." तिने दोरा दाताने तोडला. "त्यांना तिथे पोचवते, आणि ते शब्द परत घेते. एवढंच काम आहे माझं."

मंगळवारी सकाळी आम्ही दफनभूमीत गेलो. मावशीजवळ वाइनची बाटली, पांढरा टॉवेल आणि निळी पिशवी. पेटी माझ्या हातात. खणणारा म्हातारा गप्पिष्ट होता.

"कुठे नेताय आजोबांना?"

"सुट्टीवर," मावशी म्हणाली.

"नशीबवान आहेत. मला बायको भाजी आणायलासुद्धा सोडत नाही."

मावशी हसली. बऱ्याच दिवसांनी.

मग शवपेटीच्या फळ्यांचा आवाज आला आणि म्हातारा बोलायचा थांबला. त्याने वाकून पाहिलं, अंगातला कोट काढला आणि खड्ड्यात काहीतरी झाकलं.

"मावशी, पुढे येऊ नका."

"का?"

"अजून हाडं मोकळी नाही झाली. मातीने घेतलं नाही त्यांना."

तिच्या हातातला टॉवेल खाली पडला. आमच्यात म्हणतात, कुणाचा शाप असला की माती माणसाला घेत नाही.

मी घाईघाईने बोलू लागलो. "मावशी, इथली माती चिकट आहे. शिवाय शेवटी केवढी औषधं दिली होती त्यांना. अशाने असं होतं, शास्त्र आहे ते..."

"तू इंजिनं उघडतोस, पोरा. माणसं नाही."

म्हाताऱ्याने टोपी काढली. "असं फार जणांचं होतं, मावशी. कोपऱ्यातल्या भागात पुन्हा पुरतो. दोन-तीन वर्षांत होईल."

ती तिथेच गुडघ्यांवर बसली. बाटली उघडून सगळी वाइन तिने कडेच्या मातीवर ओतली. "सिदेरिस," ती म्हणाली, "रागात बोलले होते मी. परत घेतले शब्द. ऐकतोस ना? हल आता. जा बाबा." माती दाबत, थोपटत ती हेच म्हणत राहिली. शेवटी म्हाताऱ्याने आणि मी तिला दोन्ही बाजूंनी धरून उठवलं. तेव्हा ती एकाहत्तर वर्षांची होती.

घरी आल्यावर मी म्हणालो, "तिकिटं आहेत. मी येतो बरोबर. निदान बेट तरी पाहशील."

"त्यांच्याशिवाय मला तिथे कोण ओळखतं? अंजीर कुठलं, ते कोण दाखवणार?"

तिने निळी पिशवी नीट घडी घालून मशीनच्या खणात ठेवली. कागद काढून पाहिला, पुन्हा खिळ्याला लावला आणि त्यावर कॅलेंडर सरळ केलं. मग खोलीवालीला फोन लावला.

"मी फ्रोसो. गुरुवारची दोघं." तिने कॅलेंडरकडे पाहिलं. "यंदा नाही जमत, बाई. काम निघालं."