पाणी कोण उपसत होतं?

मी खामगावला पाण्याच्या मोटारी रिवाइंड करतो. मोटार जळाली की तिला कारण असतं. ते शोधायचं, दुरुस्त करायचं — एवढं साधं आपलं काम. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी सरळ उठून चहाला जायचो. इथे लोक लिहितात ते असले अनुभवसुद्धा हसण्यासाठीच वाचायचो, खोटं कशाला बोलू... म्हणून तर हे लिहायला तीन वर्षं लागली.

माझी सासुरवाडी मेहकर तालुक्यात, हिवरा आश्रमाच्या थोडं पुढे, धरणाच्या बॅकवॉटरला लागून आहे. मेव्हणा विजू भाजीपाला पिकवतो आणि जमेल तशी मासेमारीही करतो. त्याचा स्वतःचा पत्र्याचा डोंगा आहे. आम्ही भाऊबीजेला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "सारी जिनगानी काठावर गेली. एक डाव मले डोंग्यात तं बसवा!" झालं... मी, बायको सुनीता, सासूबाई आणि विजू, असे चौघं सकाळीच निघालो.

पलीकडच्या काठाला वस्ती नाही, रस्ता नाही. नुसत्या बाभळी आणि खडक. विजूनं जाळं टाकलं, रोहू बरे मिळाले. तिथंच तीन दगड मांडून शिजवले. सासूबाई लहान मुलीसारख्या खूश होत्या. पण जेवणं झाली आणि वारा सुटला. त्यांना गरगरायला लागलं म्हणून घाईघाईत निघालो. डोंगा ढकलताना तळ खडकाला घासून कर्रर् आवाज झाला. विजूचा चेहराच उतरला.

कोण कुठे बसलं होतं ते नीट सांगतो. सगळ्यात पुढे विजू, पाण्यात उभ्या वाळक्या खोडांवर नजर ठेवून वल्हं मारत होता. त्याच्या मागे दुसरं वल्हं घेऊन मी. माझ्या पाठीमागे सुनीता, आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून सासूबाई कुशीवर पडलेल्या. वारा समोरून होता म्हणून त्यांनी तोंड मागे केलं होतं. सुनीताच्या मागे फक्त जाळं आणि माशांचं पोतं.

थोड्याच वेळात माझी पावलं गार पडली. पाहतो तर घोट्यापर्यंत पाणी!

विजू न वळताच ओरडला, "पानी चढून राह्यलं! उपसा कोनीतरी!"

लगेच मागून आवाज सुरू झाला. खळ्ळ... जरा थांबून पुन्हा खळ्ळ... एका लयीत. मला खरंच कौतुक वाटलं. सुनीता पाण्याला फार घाबरते, पण वेळेवर उभी राहिली! मध्येच सासूबाई म्हणाल्या, "बस कर वं माय, हात दुखतीन तुये." तरी आवाज थांबला नाही.

लाटा अंगावर येत होत्या. आम्ही दोघं जीव तोडून वल्हवत होतो. पाऊण तास तरी गेला असेल, पण पाणी घोट्याच्या वर आलं नाही. काठ चार हातांवर आला, तेव्हा मागचा आवाज बंद झाला.

आम्ही उतरलो, विजूनं सासूबाईंना उचलून काठावर बसवलं. त्यांनी डोंग्याकडे पाहिलं.

"थे बाई कुठं उतरली?"

"कोन बाई, माय?" विजू म्हणाला.

"पानी काढत होती थे."

विजू हसला. "तुयी लेकच तं होती!"

सुनीता पांढरीफटक पडली. "मी नाई काढलं, विजू... मी तं मायचं डोकं दाबून राह्यली होती, डोळे मिटून. मले वाटलं, तूच मागं आला."

 तेवढ्यात बुडबुड आवाज आला. आमच्या डोळ्यांदेखत डोंगा भरला आणि कंबरभर पाण्यात तळाला जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी तो ओढून काढला. तळाचा जोड वीतभर उघडला होता. मला काही चैन पडेना. चौघांच्या वजनाचे दगड टाकून आम्ही तो काठाजवळच पुन्हा पाण्यात सोडला — दहा मिनिटांत बुडाला. म्हटलं, माशांच्या पोत्यानं भोक बुजलं असेल. तेही करून पाहिलं. पाचेक मिनिटं जास्त टिकला, बस्स. आणि पाणी उपसायचा डबा? तो विजू नंतर दुसऱ्याच्या डोंग्यातून गेला तेव्हा त्याला पलीकडच्या काठावर सापडला. चुलीजवळ. त्यात मासे धुतले होते, निघायच्या घाईत तिथंच राहिला होता.

गावात विचारलं, इथं कधी कोणी बाई बुडाली होती का? कोणालाच तसं काही आठवत नाही. असतं तर निदान धरायला काहीतरी मिळालं असतं...

सासूबाई एवढंच सांगतात — पाठमोरी होती, लुगडं ओलंचिंब, ओंजळीनं उपसत होती. बस कर म्हटलं तरी तिनं मान वर केली नाही.

विजूनं डोंगा वेल्डिंग करून घेतला, तो रोज पाण्यात जातो. सुनीता त्या काठाकडे फिरकत नाही. मला अजून कारण सापडलेलं नाही, आणि सापडेल असं आता वाटतही नाही. यंदाच्या भाऊबीजेला सासूबाईंना म्हटलं, तुम्हाला भीती नाही वाटत? त्या माझ्यावरच रागावल्या.

"भेव कायचं, जवाईबापू? एवढी राबली थे आपल्यासाठी. अन् तुमच्यापैकी एकानं तरी म्हटलं का तिले, बाई, घरी चाल, कोरडं लुगडं नेस?"