अनवाणी उभे राहणारे भागवत सर

सामना सुरू होण्याआधी भागवत सर बूट काढून ठेवायचे आणि रेषेबाहेर अनवाणी उभे राहायचे. आमच्या पिंपळगाव रेणुकाईच्या शाळेचं मैदान म्हणजे खडे आणि सराट्याचे काटे. आम्ही कारण विचारलं तर म्हणाले, "बूट पायात असले की पाय माझं ऐकत न्हाईत. आपोआप आत घुसतेत."

जालन्याच्या कॉलेजात ते फुटबॉल खेळायचे. कॉलेज संपलं आणि ते आमच्या शाळेत वर्षभरासाठी खेळाचे शिक्षक म्हणून आले. गाव त्यांचं शहागड. इथे खोली घेऊन एकटेच राहायचे. "कॉलेज सुटलं तसा माझा खेळ सुटला," ते म्हणायचे, "आता तुमच्या पायानं खेळायचं." हे हसत म्हणायचे, पण ते हसू फार टिकायचं नाही. कॉलेज म्हणजे काय असतं, हे मला पहिल्यांदा त्यांनीच सांगितलं. आमच्या घरातून तोवर तिथे कोणी गेलं नव्हतं.

सुरुवातीला ते सरावात आमच्याबरोबर खेळत. पण ते आत आले की आम्ही सगळे बॉल त्यांनाच द्यायचो. एकदा त्यांनी मध्येच बॉल पायाखाली दाबून धरला. "मी काय पोस्टाची पेटी हाय का? जो तो आणून टाकून राह्यला!" आम्ही हसलो. त्यानंतर मात्र ते कधीच आत आले नाहीत.

कापूस वेचणी सुरू झाली आणि पोरं सरावाला येईनात. सरांनी मग सावड काढली. एका रविवारी अख्ख्या संघाने एकाच्या रानात वेचायचं, पुढच्या रविवारी दुसऱ्याच्या. बदल्यात घरच्यांनी संध्याकाळी पोराला मैदानावर सोडायचं. वेचताना सर सगळ्यांच्या मागे राहायचे. माझी आई म्हणाली, "मास्तर, तुमच्यापरीस आमची शेळी जल्दी वेचील."

"पण मावशी, शेळी फुटबॉल शिकवती का?"

हेडमास्तरांनी त्यांना सांगून ठेवलं होतं, धावड्याच्या शाळेविरुद्धचा सामना जिंकलात तर पुढच्या वर्षीही ठेवून घ्यायचं बघू. संघातल्या प्रत्येकाला हे माहीत होतं.

नेमकं सामन्याच्या दिवशी आभाळ भरून आलं. कापूस भिजेल म्हणून आमच्या संघातल्या अंकुशच्या वडिलांनी त्याला रानातच ठेवून घेतलं. आम्ही दहाच उरलो. धावड्याचे शिक्षक भले माणूस. म्हणाले, "सर, तुम्हीच उतरा ना. आमचं बिलकुल काही म्हणणं न्हाई."

आमच्या पोरांनी तोवर सरांचे बूट त्यांच्यापुढे आणून ठेवले होते. सरांनी एक बूट उचलला, परत खाली ठेवला. मग म्हणाले, "न्हाई. मी उतरलो की तुम्ही खेळायचं सोडून मलाच बॉल देणार."

"सर, तुमचीच नोकरी जाईल!" आमचा कप्तान चिडून ओरडला.

"जाऊ दे की. तू उजवीकडं थांब, लेका. बॉल मागत राहा."

आम्ही जीव तोडून खेळलो. एकमेकांना हाका मारल्या, बॉल दिला, मागून घेतला. एका गोलने हरलो. परतताना सरांवर रुसून आम्ही सगळे टेम्पोत मागे जाऊन बसलो. ते पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते, एकदाही मागे वळले नाहीत.

शाळेने त्यांना ठेवलं नाही. उन्हाळ्यात ते शहागडला परत गेले. आता मी त्यांच्याच कॉलेजात शिकतो, पण सर म्हटलं की मला आठवते ती त्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ.

सरावाला कोणी गेलं नव्हतं. राहवलं नाही म्हणून मी उशिरा गेलो, तर सर मैदानात एकटेच खेळत होते. आमच्याबरोबर सरावात ते इतकं सुंदर कधी खेळले नव्हते. कोणाला तरी चकवल्यासारखे झटकन वळायचे, मान वर करून उजवीकडे बघायचे आणि बॉल मोकळ्या जागेत बराबर ढकलायचे. तिथे कोणीच नसायचं. मग स्वतःच धावत जाऊन तो घेऊन यायचे.

मला त्या जागी जाऊन उभं राहावंसं फार वाटलं. पण मी दिसलो असतो, तर ते लगेच रेषेबाहेर गेले असते. म्हणून मी शाळेच्या भिंतीआडच थांबलो, त्यांचं खेळून होईपर्यंत.