बॅकअप म्हणजे कोणता?

आमच्याकडे बॅकअप म्हणजे इन्व्हर्टर. दुकानात जा, दवाखान्यात जा, लाइट गेली की पहिला प्रश्न, "बॅकअप हाय का?" आणि उत्तर तासांत. ह्या शब्दाला आणखी एक अर्थ असतो हे नेवाशात जन्म काढलेल्या बाईला कुणी कधी सांगितलं होतं का? नाही. ऐकून घ्यायला मात्र मीच.

मी नेवाशाच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळते. त्या वर्षी भरतीच्या ऑनलाइन परीक्षेचं केंद्र आमच्या लॅबला मिळण्यासारखं होतं. पुण्याहून एक साहेब दुपारी तपासायला येणार होते. नेट धड चालताना दिसलं तर केंद्र इथं, नाहीतर पोरांनी पुणं गाठायचं. पोरगे जातील कशीही. पण माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी मला तोंडावर सांगितलं होतं, "नेवाशात असंल तर बसू द्या तिला. पुन्याबिन्याला मी न्हाई धाडनार." साहेब येणार त्या दिवशी ती आणि वडील बाजाराला म्हणून आले आणि काय ठरतंय ते ऐकायला लॅबच्या पायरीवरच बसून राहिले.

आणि नेमकं त्याच दिवशी आमच्या राउटरचं डोकं फिरलं. लाइट जाऊन आली, तेव्हापासून निम्म्या मशिनवर नेट, निम्म्यांवर नाही. का, ते देव जाणे. ज्यानं तो बसवून दिला होता त्या नगरच्या इंजिनिअरला फोन लावला.

"मॅडम, बॅकअप आहे ना?"

"आहे की! मागच्याच महिन्यात नवा घेतला."

"वा! मग काही टेन्शन नाही. मागं बारीक भोक आहे, त्यात पिन घालून दाबून धरा. जुनं सगळं पुसून जाईल. मग बॅकअप टाकू."

सगळं पुसून जाईल? पण म्हटलं, त्याला कळत असणार. पदराची पिन काढली आणि दाबली. निम्मी मशिनं चालत होती, तीही बसली.

"झालं? आता बॅकअप टाका."

"टाकलाय ना! सगळं त्याच्यावरच चालतं. पंखेसुद्धा."

"पंखे?"

"मग! तीन तास आरामात निघतात."

"अहो मॅडम, मी फाइल म्हणतोय, फाइल!"

"कपाटात ढीगभर फायली आहेत. नाव सांगा, काढते."

मग त्यानं कपाळाला हात लावला असणार, कारण आवाज बदलला. राउटरला आपण जे जे शिकवलेलं असतं त्याची नक्कल काढून ठेवायची असते, तिला बॅकअप म्हणतात, असं तो म्हणाला. "मी बसवतानाच बजावलं होतं तुम्हाला, बॅकअप ठेवा म्हणून!"

"म्हणूनच तर आम्ही इन्व्हर्टर घेतला!" मी ओरडले.

शेवटी तोच म्हणाला, खर्डा गावातल्या एका कॉलेजात असाच राउटर बसवलाय, त्याची फाइल माझ्याकडं आहे, ती पाठवतो. आली. मोबाईलवरून कॉम्प्युटरवर घेतली आणि त्यानं सांगितलं तशी राउटरमध्ये चढवली. दिवे लागले. स्क्रीनवर बघते तर मोठ्या अक्षरात 'खर्डा'.

"अहो, हा स्वतःला खर्डा समजतोय."

"समजू द्या. फक्त नेटच्या लाइनचं नाव आणि पासवर्ड तुमचा घाला."

घातला. एक डॉट राहिला, परत घातला. खर्डा कुठं, नेवासा कुठं, मधे सगळा जिल्हा पसरलाय. त्या कॉलेजचं शहाणपण आमच्या डब्यात कसं काय चालणार, मला काही केल्या कळेना. पण चाललं! सगळ्या मशिनवर नेट आलं. "आता सेव्ह…" एवढं तो म्हणाला आणि फोन कट झाला. सेव्ह झालंय म्हणाला, करा म्हणाला, की केलं का म्हणाला? दिसलं ते बटण मी दाबलं. काही झाल्यासारखं वाटलं नाही. पुन्हा फोन लावला तर लागेना, आणि तेवढ्यात साहेब दारात.

साहेबांनी मशिनं बघितली, मान डोलावली. मग म्हणाले, "राउटर बंद करून चालू करा. परीक्षेत लाइट गेली तर?"

सेव्ह झालं नसेल तर बंद करताच सगळं पुन्हा पुसलं जाणार. चालतंय ते वेगळं आणि डब्याच्या ध्यानात राहिलंय ते वेगळं, एवढंच मला त्या दिवशी समजलं होतं. बटण बंद केलं. खिडकीतून ती पोरगी माझ्याकडंच बघत होती. मला तिचा राग आला, खरंच आला. काय एवढं बघायचं! चालू केलं. एक दिवा लागला, विझला, बराच वेळ नुसता लुकलुकत राहिला. मग बाकीचे लागले. साहेबांनी एका मशिनवर नेट उघडून बघितलं, मंजुरीच्या कागदावर सही केली आणि चहा न घेता गेले.

मी तशीच धावत बाहेर आले. "मिळालं गं! केंद्र इथंच!"

पोरीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. वडील उठले, टोपी सारखी केली. चेहऱ्यावर आनंद नव्हता, रागही नव्हता.

"बरं झालं, मॅडम. पर मला एक सांगा, परीक्षा हितं झाली तरी नोकरी काय नेवाशातच लागनार हाय व्हय?"

सकाळपासून मी त्या डब्याशी झगडत होते, आणि ह्या माणसानं परवानगी दिली होती ती फक्त परीक्षेची. कदाचित केंद्र मिळणारच नाही ह्या भरवशावर.

"न्हाई लागनार, आबा," पोरगीच म्हणाली. "लई लांब लागंल. मी जानार हाय."

त्यांनी तिच्याकडं नाही, माझ्याकडं बघितलं. मग गाडीला किक मारली. ती मागं बसली. मला हात करायला वळलीसुद्धा नाही.