खिडकी लागली तिथपर्यंतचं गाणं

शेजारी कुणीतरी सुके बोंबील भाजले, तशी सून खिडकी लावायला उठली. रेडिओवर ख्याल चालला होता.

तारापूरला अणुभट्टी उभी राहत होती, तेव्हाची दुपार मला आठवली. पालघरला एका वकिलांकडे गाणं होतं. मासळी विकून आम्ही मायलेकी त्यांच्या खिडकीखाली थांबलो.

"आये, आत जाऊ?"

"नको बाय. मोठ्या लोकांचा गाना हाय. आपल्या अंगाला वास हाय."

गाणाऱ्या बाईंचा आवाज चढत गेला, आईचे डोळे मिटले, आणि आतून खिडकी लागली.

पुढं नवापूरला, आमच्या किनाऱ्यावरच्या गावी, दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून दोरीवर वाळत टाकताना आई तेवढेच सूर गुणगुणायची. खिडकी लागली होती तिथंच थांबायची.

"राहू दे उघडी," मी सुनेला म्हटलं. रेडिओवर तेच सूर आले आणि पुढं गेले. माझ्या डोळ्यांपुढं आई मात्र बोंबलांची जोडी हातात धरून अजून थांबलेलीच आहे.