सात महिने बिननावाची

गाव सोडलं त्या सकाळी बाळ नऊ दिवसांचं होतं, आणि माझी आई दारात आडवी पडली होती.

खरोखरच आडवी. उंबऱ्यावर अंग टाकून. "बाळंतिणीनं बारा दिवसांच्या आत वेस ओलांडायची नाय. सटवीनं लेकराच्या कपाळी काय लिहायचं ते लिहिलंय. तू मोटारीत बसून ते पुसून येणार व्हय रं?" आम्ही धनगर. आईच्या अंगावरून पाय टाकून जायचं आमच्यात नाय. पण मीही तिचाच लेक. परसात गेलो, मेंढरांच्या वाडग्याचं काटेरी कूप उपसलं आणि गंगूला, म्हणजे माझ्या बायकोला, बाळासकट मेंढरांमधून बाहेर काढलं. धाकटा भाऊ बैलगाडी घेऊन मागं उभा होता. गाडी पाणंदीला लागली तरी म्हातारी पुढच्या दारात माझी वाट अडवून पडलेलीच होती.

देवगाव रंगारीकडची माझी भावकी, आणि माझ्यासारखे जे तिकडून इकडं आले ते, या सगळ्यांसाठी हे लिहितोय. अक्षर माझंच आहे. पोलीस ॲक्शननंतर आमच्या गावात मराठी शाळा आली, तिथं मी दोन वर्षं बसलो, मग मेंढरांमागं गेलो. दोन वर्षांत जेवढं आलं तेवढ्यावर आयुष्यभर सही केली, अंगठा कधी लावला नाय.

तर बाळ. पोरगी जन्मली तेव्हा चांगली होती. पण नऊ दिवसांत तिनं शी केली ती एकदाच, काळी, करंगळीएवढी. पोट नगाऱ्यासारखं ताणलं. कातडी चकाकायला लागली, निळ्या शिरा दिसायला लागल्या. दूध पाजलं की हिरवी उलटी. गावात पोट फुगलं की बिब्ब्याचे डाग देतात, तसे दोन डाग दिले. मी समोर उभा राहून देऊ दिले, ते कबूल करतो. पण नवव्या दिवशी मी तिच्या पोटावर हात ठेवला आणि माझा हात शहाणा झाला. मेंढपाळाचा हात आहे तो. असं पोट झालेलं कोकरू मी आधी पाहिलं होतं. त्याला डाग देऊन काही व्हत नाय. ते पाय ताठ करतं.

गाडीतून सडकेपर्यंत, सडकेवरून एसटीनं औरंगाबाद. आता संभाजीनगर म्हणतात. तेव्हा शहर एवढं पसरलेलं नव्हतं. मोठ्या दवाखान्यात खिडकीवरच्या माणसानं विचारलं, "बाळाचं नाव?"

"नाव नाय."

"नाव नाही म्हणजे?"

"बारसं कुठं झालंय? बारा दिवस व्हायचेत."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, माझ्या मुंडाशाकडं पाहिलं आणि कागदावर लिहिलं, गंगूबाईचं बाळ.

डॉक्टर माझ्यापेक्षा वयानं लहान होते. त्यांनी पोट तपासलं, फोटो काढला आणि मला बाकावर शेजारी बसवून समजावलं. आतड्याचा शेवटचा तुकडा जन्मापासूनच काम करत नाही, पुढं ढकलत नाही, म्हणून सगळं वर तुंबलंय. आता पोटाला बाजूनं तोंड काढून देऊ, शी तिथून येईल. मूल अंगानं भरलं की सहा-सात महिन्यांनी खराब तुकडा काढून वाट पहिल्यासारखी जोडू. मी म्हणालो, "साहेब, जगंल का?" ते म्हणाले, "आज आणलंत म्हणून आशा आहे. उद्या आणलं असतं तर मी असं म्हणालो नसतो." मी सही केली. 

पहिलं ऑपरेशन पार पडलं. पोटाला डाव्या अंगाला लालभडक, बोराएवढं तोंड. गंगूनं पाहिलं आणि पदर तोंडात कोंबला. त्यातून पहिल्यांदा घाण वाहिली तसं पोट खाली बसत गेलं, आणि पोरगी तीन दिवसांत पहिल्यांदा नीट रडली. बारीक नाय, खणखणीत.

डॉक्टर म्हणाले, दर पंधरा दिवसांनी दाखवायचं, आणि मध्येच पोट फुगलं तर लगेच आणायचं. गाव किती लांब? मी हिशेब सांगितला, नाल्याला पाणी असलं तर त्या दिवशी गाडी निघतच नाय, तेही सांगितलं.   तिथल्या तिथं ठरलं. भावाला निरोप धाडला, मेंढरं तुझी, मी येत नाय. असं आमचं स्थलांतर झालं. कुणी दुष्काळानं आलं, कुणी नोकरीनं आलं. मी लेकराच्या पोटामागं आलो.

दवाखान्यामागच्या गल्लीत एका चाचीनं खोली दिली. तिच्या दारात एक बकरी बांधलेली असायची, ती पाहिली आणि मला जरा घरासारखं वाटलं. शहराबाहेर नव्या कॉलनीची बांधकामं चालली होती, तिथं मी दिवसपाळीचा राखणदार झालो. चारशे मेंढरं राखणारा माणूस सिमेंटच्या गोण्या राखायला लागला. गोणी इकडची तिकडं जात नाय, ओरडत नाय, व्यायत नाय. पहिले पंधरा दिवस मी खुर्चीवर बसूनच दमलो.

खरं काम गंगूचं होतं. आतासारख्या पिशव्या आमच्या हाती कुठल्या? पोटावरच्या तोंडाला फडकी बांधायची, दिवसाला पंधरा-वीस. नवं कापड खरखरीत, कातडी सोलून निघायची. मग मी माझं मुंडासं काढलं. दहा वर्षं धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालेलं. गंगू म्हणाली, "अवो, डोस्कं उघडं टाकून फिरणार?" मी म्हणालो, "फाड." तिनं त्याचे पट्टे केले, चाचीच्या दोरीवर वाळत घातले. चाची म्हणायची, "पगडी तो बहुत देखी, पर ऐसी इज्जतवाली नहीं देखी, बावा."

बारावा दिवस कधीच गेला होता. गंगूनं धोशा लावला, नाव ठेवा. मी म्हणालो, ज्या दिवशी पोरगी आपल्या नेहमीच्या वाटेनं शी करंल, त्या दिवशी बारसं. त्याआधी नाय. सगळ्यांनी याला माझा हट्ट म्हटलं, मीही म्हणू दिलं. खरं आज लिहितो. नाव ठेवलं आणि पोरगी गेली, तर ते नाव घेऊन मी कुठं जाणार होतो? म्हणून भ्यालो होतो. सात महिने ती नुसती बाळी होती.

दुसरं ऑपरेशन झालं तेव्हा ती बसायला लागली होती. पोटावरचं तोंड मिटवलं, खालची वाट जोडली. वॉर्डातल्या सिस्टर शांताबाई, पाचोडकडच्या, आवाज असा की अख्खा वॉर्ड सरळ बसायचा. त्यांनी बजावलं, "वारा सरल्याशिवाय आणि शी झाल्याशिवाय थेंब द्यायचा नाही. पाणी नाही, दूध नाही, घुटी नाही. शिरेतून जातंय तेवढं पुरे."

एक दिवस गेला. दोन गेले. पोरगी रडरडून दमली, मग रडायची पण थांबली. नुसती ओठ चाटायची. मला काय ठाऊक आहे? मला कोकरू ठाऊक आहे. कोकरू दोन दिवस प्यालं नाय तर मान टाकतं, मग कितीही पाजा. माझ्या बापानं मला एवढीच विद्या दिली होती. म्हणायचा, "पाजायची वेळ चुकवली तर तूच मारलं समज." तिसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर जेवायला गेल्या, गंगूचा डोळा लागला. मी चाचीच्या बकरीचं दूध आणलं होतं. फडक्याचा बोळा केला, बुडवला आणि पोरीच्या तोंडात दिला. ती अशी तुटून पडली की मला हसू आलं. मी म्हटलं, बघा, कुणाला कळतं, डॉक्टरला का धनगराला.

दिवस कलला नाय तोच पोट वर आलं. तेच नगाऱ्यासारखं. मग हिरवी उलटी. सात महिने मागं जाऊन मी परत त्याच जागी उभा होतो.

डॉक्टर धावत आले. "काय दिलं हिला?" गंगू म्हणाली, "काय बी नाय साहेब, देवाशपथ." ती खरं बोलत होती. तिच्याकडं सगळे संशयानं बघायला लागले. मला गप्प राहता आलं असतं. पण बायकोवर आळ येऊ देऊन गप्प बसणारा मी नाय. म्हणालो, "मी दिलं. बकरीचं दूध. बोळ्यानं."

शांताबाईंनी माझी जी खरडपट्टी काढली, तशी माझ्या आईनंही कधी काढली नाय. "आतला टाका सुटला असता तर? मेंढरू आहे का ते?" मी खाली मान घालून म्हणालो, "व्हय बाई, तेच समजलो." त्या थांबल्या. माझ्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "बसा आता तिथं. बाकड्यावरून उठला तर याद राखा."

नाकातून नळी घालून पोट रिकामं केलं. मी बाकड्यावर बसलो. दोन दिवस बसलो. जन्मात पहिल्यांदा कुणाचं एवढं ऐकलं. वॉर्डातल्या सगळ्या बायांना आमचं प्रकरण कळलं होतं. येता-जाता एकच सवाल, "झाली का?" चाची रोज सकाळी दारातूनच ओरडायची, "बच्ची ने किया क्या?" मी मान हलवायचो. आतडं फुटलं असंल, मीच मारलं, असं मनात घोकत होतो. देवाला काय बोललो ते लिहीत नाय.

पाचव्या दिवशी सकाळी शांताबाई फडकं बदलायला वाकल्या आणि तशाच वाकून राहिल्या. मला वाटलं, संपलं. त्या सरळ झाल्या तेव्हा फडकं त्यांच्या हातावर होतं, आरतीचं ताट धरावं तसं.

"या इकडं, धनगर. बघा."

पिवळी धम्मक. मऊ. बरोबर वाटेनं आलेली. मी पाहिलं आणि मोठ्यानं ओरडलो, "केली! पोरीनं केली!" शेजारच्या खाटेवरच्या बाईनं टाळी वाजवली. डॉक्टर आले, त्यांनी फडकं पाहिलं, पोट दाबून पाहिलं आणि हसले. शहाणासुरता माणूस, आणि शी बघून हसतोय. मी बाहेर गेलो, गूळ-खोबरं आणलं, अख्ख्या वॉर्डात वाटलं. कुणी विचारलं, मुलगा झाला का? मी म्हणालो, "त्याच्यापेक्षा मोठं झालं."

निरोप गेला तशी तिसऱ्या दिवशी म्हातारी आली. भावानं एसटीत घालून आणली. मला वाटलं भांडंल. तिनं गाठोडं सोडलं, त्यात हातानं शिवलेली कुंची होती, सात महिन्यांच्या मापाची. नऊ दिवसांचं लेकरू मी नेलं होतं, म्हातारी घरी बसून महिने मोजत होती. पोरीच्या पोटावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "सटवी बी घाबरली असंल तुझ्या हट्टाला."

दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली चाचीच्या साडीचा पाळणा बांधला. आत्याशिवाय बारसं कसं? मला सख्खी बहीण नाय. म्हातारीनंच शांताबाईंचा हात धरला. त्या म्हणाल्या, "अहो आजी, मी ख्रिश्चन आहे." म्हातारी म्हणाली, "असंल. पोरीची घाण तू काढली, कानात तूच बोल." शांताबाईंनी वाकून कुर्र केलं, नाव सांगितलं, कौसल्या. मग आत्याचा मान म्हणून म्हातारीनं त्यांच्या पाठीत असे धपाटे घातले की टोपी उडाली.

आम्ही परत गेलो नाय. कौसल्येला दाखवायला न्यावं लागायचं, मग शाळा आली, मग गंगू म्हणाली आता कुठं जाता. मेंढरं मला अजून स्वप्नात दिसतात, खोटं कशाला बोलू. भावकीच्या लग्नात मी पाहुण्यासारखा बसतो, पान कुठं मांडायचं ते मला विचारत नाय कुणी. ते लागतं जिवाला. पण कौसल्या आज अंगणवाडीची बाई आहे, दोन लेकरांची आई आहे, आणि माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात भांडते. मी हरलो म्हणणाऱ्यानं तिच्याशी दोन मिनिटं भांडून बघावं.

घर म्हणजे काय, मला विचाराल तर माझं घर दवाखान्यापासून चालत दहा मिनिटांवर आहे. मुद्दाम तिथंच बांधलं. गावाकडून कुणाचं बाळ आलं, कुणाची सून आली, तर पथारी आमच्याकडं पडते. मागच्या महिन्यात एक पोरगं आलं होतं, चार दिवसांचं, पोट फुगलेलं. कौसल्येनं त्याच्या आईला आत नेलं, पदर सारून स्वतःचं पोट दाखवलं आणि चहा करायला गेली. ती बाई रडायची थांबली. तुम्हीही या. पत्ता विचारायची गरज नाय, गल्लीत म्हणा, धनगराचं घर. दार लोटलेलं असतं, आत या.