हॅकिंगचा क्लास आणि ताईचा मेल

मी हॅकिंग शिकते याचा आमच्या मोठेबाबांना फार अभिमान होता, कारण हॅकिंग म्हणजे दुसऱ्याचं कुलूप फोडणं अशी त्यांची पक्की समजूत होती. मोठेबाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेत आमचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान. दुकानाच्या वरच घर, आणि दोन्हीकडे शब्द त्यांचाच. माझे वडील त्यांच्यासमोर खुर्चीतसुद्धा पुरते बसत नसत.

दोन हजार सात-आठचा सुमार असेल. माझं कॉम्प्युटरचं शिक्षण झालं होतं, आणि वर्ध्यात एका क्लासनं एथिकल हॅकिंगचा कोर्स काढला होता. कोर्स संपला की नागपूरला परीक्षा, आणि पास झालं की बाहेरदेशातल्या संस्थेचं सर्टिफिकेट. पहिल्याच दिवशी सर मला म्हणाले, "मॅडम, टायपिंगची बॅच बाजूच्या रूममध्ये आहे." पोरं खिदळली. मी पुढच्या बाकावर जाऊन बसले आणि शेवटपर्यंत तिथंच बसले.

सर शिकवायचे चांगलं, हे आजही कबूल करताना माझे दात आवळतात. पहिल्या तासाला त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : ज्याचं खातं, त्याची लेखी परवानगी नसेल तर हात लावायचा नाही. चोरात आणि आपल्यात फरक तेवढाच, असं ते म्हणाले होते. मी ते खरं मानलं.

मोठेबाबांची मुलगी माझ्याहून वर्षानं मोठी. मी तिला ताईच म्हणायचे. तिला हिंगणघाटचं एक स्थळ आलं होतं, घरदार पसंत होतं, आणि ताई हो म्हणत नव्हती. नाहीही म्हणत नव्हती. दुपारी दुकान निवांत असलं की ती खालच्या कॉम्प्युटरवर मेल बघायची, आणि कोणी आलं की स्क्रीनवरची खिडकी बंद करायची. एवढं मोठेबाबांना पुरेसं होतं.

त्यांनी मला दुकानात बोलावलं. "काऊन वं, तू ते हॅकिंग शिकून राह्यली न?"

"हो."

"मंग तिचा मेल खोलून दे. कोणासंगं बोलते ते पाह्यचं हाय मले."

"मोठेबाबा, ते मी नाई करत. तिला विचारल्याशिवाय नाई करता येत."

"कॉम्प्युटर माहा, लाइटचं बिल मी भरतो, पोरगी माही. आता आणखी कोणाले विचारू?"

"ताईले."

त्यांनी हातातला पोती शिवायचा दाभण टेबलावर आपटला. "मंग कायले तुले क्लास लावून देला? उंडगायले?"

वडील तिथंच होते. ते मान खाली घालून वजनकाटा पुसत राहिले. मोठेबाबांपेक्षा त्या पुसण्याचा मला जास्त राग आला.

मी सरळ ताईकडे गेले आणि सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरला, पण ती रडली नाही. मोठेबाबा जेवून पडल्यावर आम्ही दोघी खाली आलो. तिनं पासवर्ड बदलला. मग मी तिला दाखवलं की पासवर्ड विसरलं तर तो मेल एक प्रश्न विचारतो, आणि उत्तर बरोबर आलं तर दार उघडतो. तिनं निवडलेला प्रश्न होता, आईचं जन्मगाव कोणतं? उत्तर आंजी. ते आमच्या हमालालासुद्धा ठाऊक होतं.

"खोटं लिही," मी म्हणाले. "मलाही सांगू नको." आणि मी पाठ फिरवून उभी राहिले.

त्या शनिवारी क्लासला गेले तर मागच्या खुर्चीवर मोठेबाबा बसलेले. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. मला वाटलं, क्लासातून माझं नाव काढून घ्यायला आले. सरांनी भिंतीवर प्रोजेक्टर लावला आणि म्हणाले, "आज एक लाइव्ह केस घेऊ. एका पालकांची रिक्वेस्ट आहे." भिंतीवर मेलचा पत्ता उमटला. ताईचा. तिच्या नावासकट, हातभर मोठ्या अक्षरांत, गावातल्या सगळ्या पोरांसमोर.

सरांनी पासवर्ड विसरलो म्हणून कळवलं आणि प्रश्न भिंतीवर आला. मागून मोठेबाबा ओरडले, "आंजी लिवा!"

पोरं हसली. उत्तर चूक निघालं.

"दोन ए लावून पाहा, सर," एक जण म्हणाला. चूक. "गावाचं पूर्ण नाव लिहा, आंजी मोठी," दुसरा म्हणाला. तेही चूक. मग त्या मेलनं दारच लावून घेतलं, उद्यापर्यंत प्रयत्न करू नका म्हणून. सर माझ्याकडे वळले.

"उत्तर बदलायला तूच सांगितलं ना तिला?"

"हो. आणि सर, तुम्ही परवानगी कोणाची घेतली?"

"बाप बसला आहे ना समोर!"

"खातं बापाचं नाही."

सर म्हणाले, "निघ. आणि परीक्षेला माझं पत्र लागतं, ते विसरून जा." मोठेबाबांनी मनगट धरून मला जिना उतरवला. स्कूटरवर मागे बसवून बोरगावला आणलं. घरी आल्यावर आळीला ऐकू जाईल एवढं बोलले. मी घर फोडलं, मी पोरीला बिघडवलं, मी खाल्ल्या घराचे वासे मोजले. मोठ्याईंनी, म्हणजे ताईच्या आईनं, महिनाभर माझं ताट वाढलं नाही. ताईनं हिंगणघाटच्या स्थळाला त्याच रात्री नाही म्हटलं, तेही माझ्याच खात्यावर जमा झालं.

सरांनी पत्र दिलं नाही. मी दोनदा मागायला गेले, दोन्ही वेळा त्यांनी मला बाहेरच्या बाकड्यावर बसवून ठेवलं आणि मागच्या दारानं निघून गेले. क्लासचं पत्र नसेल तर दोन वर्षांच्या कामाचा अनुभव चालतो, हे मी नियम वाचून शोधून काढलं. मग नागपूरला एका ऑफिसात कॉम्प्युटरच्या जाळ्याची देखरेख करायचं काम धरलं आणि वर्धा-नागपूर अपडाऊन सुरू केलं. गाडीत उभ्यानं अभ्यास केला. त्या दोन वर्षांत मला कशानंच आनंद झाला नाही, पण राग कधी कमी पडला नाही. परीक्षा पास झाले.

आठवड्याभरात वर्ध्याच्या चौकात फ्लेक्स लागला. माझा फोटो, खाली 'आमच्या क्लासची यशस्वी विद्यार्थिनी', आणि बाजूला हात जोडून उभे असलेले सर. मोठेबाबा दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना सांगत होते, "आमची पोरगी हाय ते. मीच क्लास लावून देलता."

मी दुकानातली पक्कड घेतली आणि चौकात गेले. क्लासच्या खालीच बोर्ड होता. सर धावत उतरले. "अगं, तुझीच पब्लिसिटी होऊन राह्यली!"

"माझा चेहरा आहे. उतरवते मी."

"लोक पाहून राह्यले."

"पाहू द्या."

स्टूल कोणी दिलं नाही. पानठेल्यावरचा बाकडा मीच ओढून आणला, तारा तोडल्या, आणि तो फ्लेक्स गुंडाळून घरी आणला. आईनं तो गच्चीवर उलटा अंथरला आणि त्यावर मुगाच्या वड्या घातल्या.

ताई पुढं तिच्या मर्जीनं शिकली आणि उशिरा लग्न केलं, तिनंच निवडलेल्या माणसाशी. त्या मेलमध्ये काय होतं ते तिनं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मोठेबाबांशी मी आजही कामापुरतंच बोलते. ते म्हातारे झालेत, सणावारी म्हणतात, "जुनं सोड न वं." मी चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवते आणि आत निघून जाते.