आमच्या तिकडच्या तालुक्यातलं अस्वल

कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या एका काउंटीचा इतिहास मुखोद्गत असलेला माणूस मुरबाड आणि शहापूर या दोन तालुक्यांत मिळून एकच आहे, तो म्हणजे माझ्या ताईचे सासरे. आणि तो इतिहास ठाऊक नाही असा माणूस या दोन तालुक्यांत आता एकही उरलेला नाही, कारण त्यांनी कुणाला सोडलेलंच नाही. हळदीला जा, तेराव्याला जा, मुरबाडच्या एसटी स्टँडवर शेंगदाणे खात उभे राहा, डोक्यावर पांढरी टोपी, अंगात तपकिरी जाकीट आणि धोतराखाली पळायचे झगझगीत बूट घातलेला एक म्हातारा शेजारी येऊन टेकतो आणि कसलीही प्रस्तावना न करता सुरू होतो, "तर आमच्या तिकडच्या तालुक्यात आधी समुद्राकाठची माणसं होती." तिकडे त्याला काउंटी म्हणतात हे मी त्यांना अनेकदा सांगून पाहिलं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि मधे 'उद्या या' म्हणणारी एक कचेरी, एवढं जिथे असतं तो तालुकाच, असं त्यांचं ठाम मत आहे.

ताई त्यांना मामंजी म्हणते म्हणून मीही म्हणतो. ताई आणि दाजी तिकडे राहतात. दाजी हा मामंजींचा एकुलता एक मुलगा. दोन वर्षांपूर्वी त्यांनी दोघा म्हाताऱ्यांना सहा महिन्यांसाठी नेलं. ताईच्या सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं, त्यामुळे त्या सुखात होत्या. मामंजींची मात्र पंचाईत झाली. मैलभर चाललं तरी रस्त्यावर बोलायला माणूस नाही, हे त्यांना एखाद्या आजारासारखं वाटायला लागलं. असंच फिरता फिरता त्यांना एक जुनं घर सापडलं. आत चार खोल्यांत त्या काउंटीचा सगळा इतिहास मांडून ठेवला होता आणि दारात खुर्ची टाकून एक गोऱ्या आजी बसल्या होत्या. त्यांच्याकडेही फारसं कुणी फिरकत नसावं. मग काय, आजी इंग्रजीत बोलायच्या, मामंजी मराठीत बोलायचे आणि संध्याकाळी दोघंही तृप्त मनाने आपापल्या घरी जायचे. पाट्या ताईने एकदाच वाचून दाखवल्या, तेवढ्या त्यांना पुरल्या. बाकीचं त्यांनी पदरचं घातलं असणार असा मला दाट संशय होता. म्हणून एकदा मी इंटरनेटवर पडताळून पाहिलं, तर बरंचसं खरं निघालं. मला त्याचा थोडा रागच आला.

त्यांचा इतिहास पायरीपायरीने येतो. आधी समुद्राकाठची माणसं, मग घंटावाले, म्हणजे स्पेनहून आलेले पाद्री. मग चामडंवाले, ज्यांनी गुरं पाळली आणि चामडी गलबतांत भरून पाठवली. त्यांच्यामागून लिंबूवाले, त्यांनी सगळं खोरं लिंबांच्या बागांनी भरून टाकलं. आणि शेवटी काम्पुटरवाले, ज्यांत दाजी मोडतात. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे न पाहता पुढे जात राहणं ही मामंजींची खरी ताकद. एका तेराव्याला भटजींना उशीर झाला, तेवढ्यात यांनी घंटावाले संपवून चामडंवाल्यांना हात घातला होता. भटजी आले तेव्हा लोकांनी त्यांना थांबायला सांगितलं, असं मामंजी सांगतात. भटजींचं म्हणणं वेगळं आहे.

एकदा ओढ्यावर एक म्हातारी रानातून खणून आणलेल्या कडूकंदाच्या चकत्या टोपलीत घालून वाहत्या पाण्यात ठेवत होती. मामंजी मोटरसायकल थांबवायला सांगून माझ्या मागून उतरले आणि सुरूच झाले. तिकडची पहिली माणसंही ओकाच्या झाडाची फळं कुटून अशीच पाण्यात धरून कडवटपणा काढायची. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ती माणसं आता काय खातात? मामंजी जरा हळू आवाजात म्हणाले की हायेत अजून, पण थोडी, आणि रान त्यांच्या हातात राहिलं नाय. म्हातारी टोपली हलवत राहिली. मग म्हणाली, "त्यांना सांगा, राख टाकत जा. नुस्त्या पाण्यानं कडू जात नाय." झालं, रात्री दाजींना फोन. शनिवारी म्युझियममध्ये जा आणि आजींना विचार, तिकडची माणसं राख टाकायची का. असले निरोप दर आठवड्याला जातात. दाजी ताईजवळ कुरकुर करतात की त्या आजी आता मला लांबून बघितलं तरी चष्मा काढून ठेवतात.

पण या सगळ्या इतिहासात मामंजींचा जीव अडकला होता तो शेवटच्या खोलीत. तिथे पेंढा भरलेलं एक भलंथोरलं अस्वल मागच्या पायांवर उभं आहे. एके काळी त्या डोंगरांत अस्वलंच अस्वलं होती. चामडंवाले त्यांना दोर टाकून पकडायचे आणि बैलांशी झुंजवायचे. मग बंदुका आल्या आणि अस्वलं गेली. "झेंड्यावर अस्वल काढलाय त्यांनी," मामंजी सांगत, "आन रानात बघशील तर एक नाय." एरवी हात उडवत बोलणारा हा माणूस इथे आला की हात मांडीवर ठेवायचा.

त्याला कारण होतं. मामंजींच्या गावात उन्हाळ्यात बोहाडा होतो. देवादिकांचे मुखवटे चढवून सांबळ-पिपाणीच्या तालावर माणसं नाचतात. कुठलं सोंग कुठल्या घराचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. मामंजींच्या घरचं सोंग जांबुवंताचं, रामाच्या सेनेतल्या अस्वलराजाचं. घरातल्याच माणसाने नाचायचं आणि लागोपाठ दोन वर्षं चुकलं की पंच ते सोंग दुसऱ्या घराला देणार, असा रिवाज. गेल्या वर्षी गुडघ्यामुळे चुकलं होतं. यंदा गुडघा आणखीच बिघडलेला, दाजींना रजा नाही आणि खालच्या आळीतलं तीन तरण्याबांड मुलांचं एक घर टपून बसलेलं.

दाजींनी फोनवर आपल्या परीने तोड काढली. सोंग जातंय तर जाऊ दे, मुखवटा तेवढा इकडे पाठवा, त्या आजी म्युझियममध्ये काचेच्या कपाटात ठेवायला तयार आहेत, जन्मभर जपतील. सांगण्यात वाईट काहीच नव्हतं. मामंजींनी फोन ठेवला आणि दोन दिवस ते कुणाशीच बोलले नाहीत. त्यांच्या बाबतीत ही इतकी गंभीर गोष्ट होती की ताईच्या सासूबाईंनी मला वाशिंदहून बोलावून घेतलं. मी गेलो तेव्हा ते मुखवट्यावरची धूळ धोतराच्या सोग्याने पुसत होते. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "काचेतला अस्वल मी बघून आलोय रे. यंदा मीच नाचतो."

जांबुवंताचा नाच म्हणजे उड्या. देवळासमोर येऊन धडाधड उड्या मारायच्या, हीच त्याची ओळख. त्यांचं सोंग उजाडताना निघालं. एका हातात त्यांना सावरायला कमरेला बांधलेल्या चादरीचं टोक आणि दुसऱ्या हातात दाजींना दिसावं म्हणून सुरू ठेवलेला फोन घेऊन मी बाजूने चाललो होतो. आता हे पडणार आणि ताई मला फाडून खाणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. सांबळवाल्याने रिवाजाप्रमाणे जलद ठेका धरला. मामंजी देवळासमोर आले आणि नुसते उभे राहिले.

दोन्ही हात किंचित वर, पंजे सैल, मान थोडी तिरकी. सांबळवाला गोंधळून थांबला. मग तो मुखवटा अगदी सावकाश डोंगराकडे वळला. त्याने हवेचा वास घेतला, एक पाऊल टाकलं, थांबला, पुन्हा वास घेतला. तो काहीतरी शोधत होता आणि ते त्याला सापडत नव्हतं. सांबळवाल्याने त्याच्या पावलावर हलकेच टिपरू टाकलं, पिपाणीने लांब सूर धरला. खालच्या आळीतले तिघे भाऊ पुढेच उभे होते. अस्वल त्यांच्यापाशी गेलं, एकेकाला हुंगून पाहिलं आणि तिघेही मुकाट्याने मागे सरकले. कडूकंदवाली म्हातारी हात जोडून उभी होती. माझ्या हातातली चादर कधी गळून पडली ते मला कळलं नाही. मला या माणसाचा इतका अभिमान वाटला की दाजींना नीट दिसावं म्हणून मी फोन दोन्ही हातांनी डोक्यावर धरला.

एका पंचाने नियमाला धरून कुरकुर केलीच, उडी कुठं मारली म्हणून. मुखवट्याच्या आतून घोगरा आवाज आला, "आमच्या तिकडच्या तालुक्यातला अस्वल उडी नाय मारत. त्याला कसली घाय?" सगळा गाव हसत सुटला आणि तो पंचही हसला. सोंग याच घराचं, हे तिथल्या तिथे पुकारलं गेलं आणि लोकांनी त्यांना दुसरी फेरी घ्यायला लावली. ऊन वर आलं तेव्हा मामंजींची मिरवणूक घराकडे निघाली होती आणि सांबळ अजून त्यांच्याच चालीने वाजत होतं.

दुपारी सुजलेला गुडघा मिठाच्या गरम पाण्याने शेकत त्यांनी दाजींना निरोप दिला. "त्या आजीला सांग, मुखवटा नाय पाठवत. आन त्या अस्वलाला जाऊन सांग, इकडं नाचलास म्हणून."

दाजी या वेळी कुरकुरले नाहीत. ताईने मला नंतर सांगितलं की शनिवारी ते म्युझियममध्ये गेले आणि त्या शेवटच्या खोलीत बराच वेळ उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. नेहमीची विचारपूस झाली नाही. दाजींनी एवढंच विचारलं, "बाबा, पहिला पाय कुठला टाकायचा, डावा का उजवा?"

मामंजींनी वर पाहिलं. जुन्या लुगड्यात गुंडाळलेला मुखवटा आढ्याला टांगलेला होता.

"आधी नुस्ता उभा ऱ्हा," ते म्हणाले. "वास घे. पाय मंग आपसूक उचलतो."

फोन माझ्या हातात देऊन ते ओटीवर जाऊन बसले. समोरून एक अनोळखी माणूस चालला होता, चांगला रिकामा दिसत होता, पण त्यालाही त्यांनी हाक मारली नाही.